शेवटच्या आउटपर्यंत उठायचं नाही

“आई, उठू नकोस आता,” संग्राम म्हणाला आणि मी अर्धवट उठलेली परत सोफ्यावर बसले. तहान लागली होती म्हणून उठत होते, दुसरं काही नाही. मांडीवर माझा नातू ईशान झोपला होता, त्याला एका हातावर तोलून दुसऱ्या हाताने मी सोफ्याचा आधार घेतला होता. समोर टीव्हीवर बेसबॉल चालू होता आणि आमचे हिरव्या टोपीवाले, कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण चक्क पुढे होते. संग्रामने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डोळे पडद्यावर आणि एक हात माझ्या दिशेने आडवा, तळवा जमिनीकडे, एखाद्याला खाली दाबावं तसा. त्याच्या वडिलांचा हात. त्याच्या वडिलांचाच आवाजही, फक्त ‘शैलजा’च्या जागी ‘आई’. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली, आणि हा हात त्यांच्याबरोबरच गेला असं मी धरून चालले होते. नागपूरहून इतक्या लांब, ओहायोमधल्या ह्या डब्लिन गावात, रविवारी भर दुपारी तो पुन्हा समोर येईल असं वाटलं नव्हतं. पाणी राहिलं ते राहिलंच.

ह्या टीमचा नाद मला ईशानमुळे लागला. मी एप्रिलमध्ये आले, तो त्याच आठवड्यात जन्मला, आणि महिन्याभरात माझ्या लक्षात आलं की ह्या बाळाला अंगाई नको, बेसबॉल हवा. टीव्हीवरचे ते दोन म्हातारे समालोचक एकसुरी बोलत राहतात, मधे बराच वेळ काहीच घडत नाही, लोक नुसते दाणे खात बसतात, आणि पोरगं गाढ झोपतं. सुरुवातीला मला ओ की ठो कळत नव्हतं. बॅट गोल, पळणारा बॅट टाकून पळतो, आउट झालेला माणूस पुन्हा खेळायला येतो. क्रिकेटचा कुणी दूरचा, जरा उनाड चुलतभाऊ असावा तसा हा खेळ. पण हरणं मात्र भाषा न येताही कळतं. डगआउटच्या कठड्यावर हनुवटी टेकलेले चेहरे, ओंजळीत टोपी धरून बसलेला पिचर, म्हणजे त्यांचा बॉलर. जगात सगळीकडे हरणारी माणसं सारखीच बसतात. आणि हे लोक आठवड्यातून एकदा हरत नाहीत, जवळजवळ रोज हरतात, कारण ह्या खेळात मॅच जवळजवळ रोज असते. काल अब्रू गेली म्हणून आज घरी बसायची सोय नाही. पुन्हा कपडे घालायचे, पुन्हा टोपी, पुन्हा छातीवर हात ठेवून राष्ट्रगीत.

मला हे आवडत गेलं, आणि का आवडत गेलं ते मला पक्कं ठाऊक होतं. हरणाऱ्या टीमच्या मॅचला कुणी कुणाला जागेवर बसवून ठेवत नाही. मी मधेच उठून कढीला फोडणी देऊन येत होते, वॉशरमधले कपडे काढत होते, खिडकीशी उभी राहून समोरच्या तळ्यावरची बदकं बघत होते. बदकं नाहीत, माझी सून यामिनी म्हणते, ते गीज आहेत. असोत. माझ्या बसण्या-उठण्याने हिरव्या टोपीवाल्यांचं काही वाकडं होणार नव्हतं, कारण व्हायचं तेवढं वाकडं आधीच झालं होतं. मॅच बघताना असं मोकळं फिरणं मला जन्मात पहिल्यांदा मिळालं होतं.

लग्न होऊन सहा महिने झाले असतील. वर्ल्ड कपची फायनल होती आणि आमच्या आळीत टीव्ही एकच, शेजारच्यांकडे. खोलीत पंचवीस-तीस पुरुष, त्यात हे. मला चहा घेऊन पाठवलं होतं. ट्रे घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात आले आणि तेवढ्यात विकेट पडली. एकच गलका झाला. मी आत पाऊल टाकणार तोच ह्यांनी मागे वळून न बघता हात आडवा केला, तळवा खाली. “शैलजा, तिथंच थांब. हलू नको.” सगळे हसले, कुणीतरी म्हणालं, वहिनींचा पायगुण चांगला आहे हो. मीही हसले. नवी नवरी होते, एवढ्या पुरुषांनी आपल्याला शुभ म्हटलं की बरं वाटतं. पुढची विकेट पडली तेव्हाही मी तिथेच होते, त्याच्या पुढचीला पण. चहावर साय धरली, ट्रेच्या कडांनी बोटं वळली, पायाला मुंग्या आल्या, आणि आपण जिंकलो तेव्हा मी तो ट्रे अजून तसाच धरून उभी होते. त्या रात्री ह्यांनी मला जवळ घेऊन सांगितलं की कप तुझ्यामुळे आला. खूप लाडाने सांगितलं. त्या लाडातच माझी जागा ठरून गेली.

मग आमचा स्वतःचा टीव्ही आला, रंगीत आला, घर बदललं, लक्ष्मीनगरला फ्लॅट झाला, पण मॅच असली की मी स्वयंपाकघराच्या दारात. बिल्डरने नकाशा दाखवला तेव्हा हे गमतीने म्हणाले होते की किचनचं दार हॉलमध्येच उघडलं पाहिजे, टीमच्या भवितव्याचा प्रश्न आहे. पुढे पुढे मॅच नसली तरीही हा हात आडवा येऊ लागला. संग्रामचा बारावीचा अभ्यास चालू आहे, तू शेजारी बसलीस की त्याचं लक्ष लागतं, उठू नको. ह्यांच्या प्रमोशनच्या वर्षी मला बदली होऊन मुख्याध्यापकपद मिळत होतं, वर्ध्याला, रोज जाऊन-येऊन जमलं असतं. तर हे म्हणाले, “आत्ता सगळं नीट चाललंय ना, मग कशाला हलतेस?” मीही हलले नाही. रागाने नाही, भांडून नाही. खरं म्हणजे मलाही कुठेतरी वाटत होतं की माझ्यामुळे नीट चाललंय. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते हे मी भूगोल शिकवता शिकवता पोरांना दहा वेळा सांगितलं असेल. पण तू बसलीस म्हणून फांदी टिकली, असं कुणी प्रेमाने सांगितलं की कावळा उडायचा विसरतो.

“आई, बघ, बघ, सातवी इनिंग संपली. अजूनही आपण चार-तीनने पुढे,” संग्राम म्हणाला. तो ही टीम क्वचितच बघतो. कधी बघितलीच तर शिव्या देत आणि फोनमध्ये बघत. आज यामिनी आठवड्याची झोप काढायला वर गेली होती, म्हणून तो माझ्याबरोबर बसला होता, पॉपकॉर्नचं भांडं पोटावर ठेवून. मी म्हटलं, “पाणी तरी दे.” त्याने स्वतःची बाटली पुढे केली. म्हणजे पाणी मिळालं, उठणं नाही. मग जाहिराती लागल्या आणि जाहिरातीतच, आवाज जराही न बदलता, तो म्हणाला, “अगं हो, तुला सांगायचं राहिलं. तुझं सप्टेंबरचं तिकीट मी जानेवारीचं करून घेतलंय. आणि तुझ्या व्हिसावरच्या स्टेचं एक्स्टेन्शन फाइल करायला वकिलाशी बोललोय. टेन्शन घेऊ नको, सगळे करतात.”

“मला विचारलं नाहीस,” मी म्हणाले.

“अगं, विचारायचं काय त्यात? तुझंच घर आहे.” त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा खरंच थकलेला होता, हे मला सांगायला हवं. “डेकेअरची वेटिंग लिस्ट जानेवारीपर्यंत आहे यार. यामिनीने आत्ताच परत जॉइन केलंय. आणि आई, तू आल्यापासून कसं सगळं सेट झालंय. ईशान झोपतो, घरात जेवण असतं, आमची भांडणं पण कमी झाली. तू हललीस ना, तर सगळं कोलॅप्स होईल बघ.”

“मला दसऱ्याच्या आत जायचं होतं.”

“दसरा इथेपण असतो. मंडळाचा प्रोग्राम आहे, तुला नेतो ना.” मॅच सुरू झाली आणि तो पुन्हा पडद्याकडे वळला.

मी बसून राहिले. ईशानचं डोकं माझ्या कोपराच्या खोबणीत होतं, तिथे घाम धरला होता, आणि मला वाटलं की ह्या घरातल्या सगळ्या वस्तू अशाच मला हळूच चिकटल्या आहेत आणि ओढून काढल्या तर कुणीतरी रडेल. मला इथे कुणी छळत नाही. यामिनी मला ‘आई, तुम्ही बसा, मी करते’ म्हणते आणि खरंच करते. पण सकाळी ते दोघे आपापल्या गाड्या काढतात, गॅरेजची दारं एकामागून एक खाली येतात, आणि मग संध्याकाळपर्यंत त्या रस्त्यावर एकसारख्या घरांखेरीज कुणी नसतं. स्ट्रोलर ढकलत तळ्यापर्यंत जायचं, कारंज्यापाशी वळायचं, परत यायचं. त्याच्या पुढे मोठा रस्ता आहे आणि तो पायी ओलांडणारं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. नागपूरला मी ह्या वयात मोपेड चालवते. हे गेल्यावर वर्षभराने मी हॉलची उलथापालथ केली. टीव्ही काढून बेडरूममध्ये टाकला आणि त्या जागी खिडकीशी माझं टेबल ठेवलं, आणि स्वयंपाकघराच्या दारात, बरोबर त्या जागी, कुंडी ठेवली, म्हणजे तिथे उभंच राहता येऊ नये. सकाळी सहाला मैत्रीण प्रतिमा खालून हॉर्न वाजवते आणि आम्ही अंबाझरी तलावावर फिरायला जातो, किंवा जात नाही, तर्री-पोहे खाऊन परत येतो. आमच्या मनावर. दोघींनी नोव्हेंबरात लेह नाही जमलं तरी निदान पचमढीला जायचं ठरवलं होतं. हे सगळं कुणाला सांगितलं तर क्षुल्लक वाटेल, मलाही सांगताना वाटतं. नातवापेक्षा पचमढी मोठी का? नाही. पण आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पायांना माझा पत्ता कळला होता, आणि तो पत्ता आता जानेवारीत ढकलला होता, दोन जाहिरातींच्या मधे. आणि जानेवारीत काय, तेव्हा थंडी असेल, ईशान आजारी पडेल, मग एप्रिल येईल, पुन्हा सीझन सुरू होईल.

टीव्हीवर हॅलोरन दिसला. आमचा पहिल्या बेसवरचा माणूस, अडतीस-एकोणचाळीसचा, दाढीत पांढरे केस. जुलै संपताना हरणाऱ्या टीमचे चांगले खेळाडू जिंकणाऱ्या टीम घेऊन जातात, तसा इथला रिवाज आहे. आमचे बरेच गेले. जाताना रडले, मिठ्या मारल्या, पण गेले. हॅलोरनला घेणारं कुणी नव्हतं, तो राहिला. मागच्या आठवड्यात समालोचकांनी जाहीर केलं की आता सगळ्या मॅच जिंकल्या तरी पुढच्या फेरीत जाणं शक्य नाही. मी संग्रामला विचारलं होतं, मग आता घरी जातील ना? तो हसला. नाही आई, शेड्यूल संपेपर्यंत खेळावंच लागतं, सप्टेंबरअखेरपर्यंत. मला तेव्हा त्या माणसाची दया आली होती. आता वाटलं, निदान त्याला सप्टेंबरअखेर तरी आहे.

आठवी इनिंग निसटत निसटत पार पडली. संग्राम सोफ्याच्या कडेवर आला होता, हात अजून तसाच मधे, विसरून गेलेला. मी उठू शकत होते. कुणी बांधून ठेवलं नव्हतं. पण एक गोष्ट संग्रामला ठाऊक नाही, आणि ती मला जागेवर दाबते. ह्यांच्या शेवटच्या आजारात मी हॉस्पिटलमध्ये खाटेजवळच्या लोखंडी स्टुलावर बसून होते, आठ-दहा दिवस. एका संध्याकाळी त्यांना बरं वाटत होतं. म्हणाले, “तू बसली आहेस ना, मग मला काही होत नाही. उठू नको फक्त.” गमतीने म्हणाले, डोळा मारून. मग फोन वाजला. अमेरिकेहून संग्रामचा. खाटेपाशी रेंज नव्हती म्हणून मी व्हरांड्याच्या टोकाला, खिडकीशी गेले. तो तिकीट बघतोय, दिल्लीवरून येऊ की मुंबईवरून, असं विचारत होता. मी म्हटलं, जे लवकर असेल ते. परत आले तेव्हा खाटेभोवती पडदा ओढलेला होता आणि त्याच्या खालून नर्सचे पांढरे बूट दिसत होते. मला कळतं. डॉक्टरांनीही सांगितलं की हे कुठल्याही क्षणी होणार होतं. मला सगळं कळतं. पण तेव्हापासून मी कुठूनही उठते ना, बसच्या सीटवरून, देवासमोरून, तर पाठीमागे पडदा ओढल्याचा आवाज येईल असं वाटतं. ती भीती कुणाला सांगायची? संग्रामला सांगितली तर त्याला वाटेल मी त्याच्या फोनला दोष देते. म्हणून मी तीही मांडीवर घेऊन बसते.

नववी इनिंग, शेवटची. पाहुणे बॅटिंगला, आमची एका रनची आघाडी. पहिला माणूस आउट झाला. संग्राम ओरडला नाही, ईशानसाठी नुसतीच मूठ आवळली. मग एकामागून एक दोघे बेसवर पोचले आणि मैदानावरचे थोडेसे प्रेक्षक उभे राहिले. “आता नको रे नको,” संग्राम पुटपुटला, आणि हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. हलकाच. प्रेमाने. त्या हाताचं ओझं मला बेचाळीस वर्षांचं वाटलं. आणि माझ्या मनात स्वच्छ आलं की ही मॅच आज अशीच जिंकली तर मी मेले. आज मी बसले आणि हे जिंकले, तर उद्यापासून ह्या सोफ्याचा हा कोपरा माझा. मग जानेवारी नाही, मग काहीच नाही.

मी उठले. आधी ईशानला हळूच संग्रामच्या मांडीत ठेवलं. त्याने बावचळून दोन्ही हात पुढे केले, पॉपकॉर्नचं भांडं कलंडलं.

“आई, आत्ता? दोनच आउट राहिलेत यार. बस ना.”

“आता तू हलू नकोस,” मी म्हणाले. “तो जागा होईल.”

काचेचं दार सरकवून मी मागच्या डेकवर आले आणि दार लावून घेतलं. ऊन कलतं होतं, कुणाच्या तरी गवत कापायच्या मशीनचा आवाज लांबून येत होता, कठड्याचं लाकूड तापलेलं होतं. मे महिन्यात मी ह्याच कठड्यावर ईशानची दुपटी वाळत घातली होती, तर कॉलनीच्या कमिटीची अगदी गोड शब्दांतली चिठ्ठी आली होती की बाहेर कपडे दिसता कामा नयेत. आज मी तिथे माझे दोन्ही हात वाळत घातले. पाठ घराकडे. मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं आणि पाठीलाच कान फुटले. आता आतून ‘अरे’ ऐकू येईल. आता संग्राम म्हणेल, बघ, उठलीस आणि घालवलीस. व्हरांड्याच्या टोकाची ती खिडकी, कानाला लावलेला फोन, दिल्ली की मुंबई. मला पळत आत जाऊन बसावंसं वाटलं, अगदी खरं सांगते, कठड्यावरची बोटं सुटलीसुद्धा. पण गेले नाही. तळ्यावरचे गीज पाण्यातून बाहेर आले आणि एकामागून एक गवतात चालू लागले. मी ते बघत राहिले. घसा कोरडा पडला होता. पाणी प्यायचं होतं म्हणून तर मी मुळात उठले होते.

आतून आवाज आला. शिवी नव्हती ती. दबलेला, बाळ उठू नये म्हणून गिळलेला, पण आनंदाचा आवाज, आणि मागून टीव्हीतल्या लोकांचा. मी उभ्या जागी रडायला लागले. कुणी जिंकलं म्हणून नाही. मी उठले होते आणि कुणाला काही झालं नव्हतं. एवढी साधी गोष्ट, ती समजायला मला हिरव्या टोप्यांची गरज पडली. व्हरांड्याच्या खिडकीशी उभी असलेली ती बाई मला दिसली आणि मी तिला म्हटलं, अगं, तू नुसती फोन घ्यायला गेली होतीस.

मागे दार सरकलं. संग्राम ईशानला छातीशी धरून दारात उभा होता, चेहरा लहानपणीसारखा फुललेला. “आई, जिंकलो! शेवटच्या एकाच बॉलला दोघं आउट. हॅलोरनने पहिल्या बेसवर झेप टाकून पकडला, तू मिस केलंस.” मग त्याने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मी कुठे उभी आहे ते पाहिलं, कठडा पाहिला, आणि हसून म्हणाला, “तू इथे आलीस आणि जिंकलो. लकी स्पॉट आहे हा. आता उद्यापण मॅचला इथेच उभी राहा हं.”

त्याचा दोष नव्हता. त्याला वाटलं तो माझं कौतुक करतोय. मला हसू आलं, पोटातून आलं, आणि पदराने डोळे पुसता पुसता मी म्हटलं, “दहा पावलं लांब आले तर जिंकलात. मग आणखी लांब जाऊन बघते. मी नागपूरला उभी राहते. तिकीट होतं तसं कर.”

“आई, प्लीज, डेकेअर—”

“डेकेअरचं तुम्ही दोघं बघा. मी ओरडत नाही, रुसलेली नाही. मला घरी जायचंय, संग्राम. मला माझ्या घरी जायचंय.”

त्याचा एक हात, मोकळा होता तो, अर्धा वर आला. तळवा कुठे करावा हे त्याला कळेना, आणि मग तो ईशानच्या पाठीवर जाऊन थांबला. “बघतो,” तो म्हणाला.

त्याचे वडील ‘बघतो’ म्हणायचे तेव्हा त्याचा अर्थ काय असायचा हे मला चांगलं ठाऊक आहे. “बघू नकोस,” मी म्हणाले, “कर. आज कर.”

तेवढ्यात ईशान जागा झाला. आधी नाक आक्रसलं, मग ओठ बाहेर काढला, मग त्याचं ते नेहमीचं रडणं. संग्रामने सवयीने त्याला माझ्याकडे पुढे केलं. माझे हात कठड्यावर होते. मी ते तिथेच ठेवले, आणि थोड्या वेळाने संग्राम बाळाला खांद्यावर घेऊन थोपटत आत गेला, टीव्हीपासून जिन्यापर्यंत आणि जिन्यापासून टीव्हीपर्यंत फिरत राहिला. मग मी आत गेले आणि पाणी प्यायले.